पाण्याखालची सहल आणि तिचें वृत्तांतवाङ्मय

प्रत्येक नवा छंद आपल्याबरोबर आपलें एक लहानसें वाङ्मय घेऊन येतो. शिकारीचा छंद होता तेव्हां शिकारकथा होत्या. डोंगर चढण्याचा छंद वाढला तेव्हां गिर्यारोहणाचीं वर्णनें आलीं. पाठीवर हवेची टांकी बांधून समुद्राच्या तळाशीं उतरण्याचा छंद, ज्यास स्कूबा म्हणतात, तो गेल्या ऐंशी वर्षांतला. आणि त्यानेंही आपलें वाङ्मय निर्माण केलें आहे. त्यांत मोठे ग्रंथ थोडे, पण लहान वृत्तांत अगणित. इंग्लंड, फ्रान्स, जर्मनी या देशांतील पाणबुड्यांचे क्लब दहा-पंधरा जणांचा मेळ जमवून भूमध्य समुद्रांतील एखाद्या बेटावर आठवडाभर जातात, आणि परत आल्यावर त्यांपैकीं कोणी तरी सभासदांकरितां सहलीची हकीकत लिहितो. माल्टा आणि त्याच्या शेजारचें गोझो हीं बेटें या मंडळींच्या विशेष आवडीचीं आहेत. त्यांविषयींचे असे वृत्तांत आम्हीं बरेच वाचले, कांहीं आनंदानें, कांहीं कंटाळून. आणि त्यांच्या गुणदोषांचा विचार येथें करण्याचें योजिलें आहे.

हें लिखाण घरगुती आहे, तें वाङ्मयाच्या तराजूंत कशाला घालावें, असें कोणी म्हणेल. आमचें उत्तर असें कीं, जें लिखाण शेंकडों सामान्य माणसें करतात, त्यांतून त्या समाजाची पाहण्याची रीत थोर ग्रंथापेक्षांही कित्येकदां अधिक स्पष्ट दिसते. आमच्याकडील यात्रांच्या हकीकती घ्या. काशीहून परतलेला गृहस्थ ओसरीवर बसून घाट, पंडे, दक्षिणा आणि धर्मशाळा यांचें जें वर्णन करी, त्यावरून त्यानें काय पाहिलें आणि काय पाहिलें नाहीं, हें दोन्ही ऐकणारास कळत असे. पाणबुड्यांच्या वृत्तांताचेंही तसेंच आहे.

या वृत्तांतांचा सांचा ठरलेला आहे. प्रथम विमानतळावर सामानाचें वजन जास्त भरल्यामुळें झालेला घोळ. मग भाड्यानें घेतलेलें घर आणि त्यांत कोणाच्या घोरण्याविषयीं तक्रार. मग सकाळीं टांक्या मोजून गाडींत चढविणें, आदल्या दिवशींचा ओला रबरी पोशाख अंगांत घालण्याची कटकट, आणि कांठावर गोल उभें राहून प्रमुखाकडून त्या दिवसाच्या बुडीची माहिती घेणें. त्यानंतर बुडीची नोंद: सर्वांत जास्त खोली २८ मीटर, वेळ ४१ मिनिटें, पाणी २२ अंश, जोडीदार अमुक. मग काय काय दिसलें त्याची यादी: एक अष्टपाद, दगडाच्या कपारींत दोन वामी, बराकुडांचा एक थवा. रात्रीं जेवण, बिअर आणि थट्टामस्करी. येणेंप्रमाणें सहा दिवस. विमानांत बसण्यापूर्वींचा एक दिवस पाण्यांत उतरावयाचें नसतें, कारण रक्तांत मुरलेला नायट्रोजन निघून जाण्यास अवधि लागतो. म्हणून त्या दिवशीं गोझोवरील ज्गान्तियाचीं पाषाणमंदिरें पाहून घ्यावयाचीं. पांच हजार वर्षांपूर्वींच्या त्या मंदिरांच्या वांट्यास वृत्तांताच्या दोन ओळी येतात, आणि त्याही नायट्रोजनाच्या कृपेनें!

सांचा रुक्ष आहे खरा. परंतु त्याचे दोन गुण आम्हांस मनापासून मान्य आहेत. पहिला गुण आंकड्यांचा प्रामाणिकपणा. समुद्रांत दर दहा मीटर खालीं गेलें कीं एका वातावरणाएवढा दाब वाढतो. तीस मीटरांवर तो पृष्ठभागाच्या चौपट असतो, आणि पाणबुड्याच्या एका श्वासास चौपट हवा लागते. त्या दाबाखालीं हवेंतील नायट्रोजन शरीरांत मुरतो, आणि मनुष्य घाईनें वर आला तर तोच बुडबुड्यांच्या रूपानें बाहेर पडून सांध्यांवर, मज्जारज्जूवर, प्रसंगीं प्राणांवर घाला घालतो. किती खोल आणि किती वेळ, या दोन आंकड्यांवर त्याचें जगणें अवलंबून असतें. शिकारकथा सांगणारानें आपला वाघ हातभर लांबविला तर कोणाचें कांहीं बिघडत नाहीं. पाणबुड्यानें आपला आंकडा लांबविला तर त्याच्या मागून जाणारा जिवास मुकेल. हें लेखकांस ठाऊक असतें, म्हणून त्यांच्या गद्यांत फुशारकी जवळजवळ नाहीं. आमच्या कित्येक प्रवासवर्णनकारांनीं हा संयम त्यांच्यापासून उचलण्यासारखा आहे.

दुसरा गुण जोडीचा. एकट्यानें उतरावयाचें नाहीं, असा क्लबाचा नियम असतो. पाण्यांत जाण्यापूर्वीं दोघांनीं एकमेकांचे पट्टे, झडपा आणि हवेचें माप तपासावयाचें; खालीं एकानें हवा संपल्याची खूण केली कीं दुसऱ्यानें आपल्या टांकीची जादा नळी त्याच्या तोंडीं द्यावयाची; वर येतांना पांच मीटरांवर दोघांनीं मिळून तीन मिनिटें थांबावयाचें. या नियमाचा परिणाम लिखाणावर झाला आहे. या वृत्तांतांत नायक नसतो. नवशिक्या मुलीचें नांव आणि तीस वर्षें बुड्या मारणाऱ्या म्हाताऱ्याचें नांव एकाच ओळींत येतें. जुन्या साहसग्रंथांत एक धाडसी पुरुष आणि त्याच्या मागें बिननांवाचे हमाल असत. त्या मानानें ही रीत सभ्यपणाची आहे.

या वृत्तांतांचा मूळपुरुष पाहूं गेल्यास झाक-ईव्ह कुस्तो आणि फ्रेदेरिक द्युमा यांच्या 'दि सायलेंट वर्ल्ड' या १९५३ सालीं प्रसिद्ध झालेल्या ग्रंथापाशीं यावें लागतें. ग्रंथाचा आरंभ १९४३ च्या जून महिन्यांत होतो. फ्रान्सवर परचक्र आलेलें. अशा वेळीं भूमध्य समुद्राच्या कांठीं बांदोल या गांवाच्या रेल्वे स्टेशनावर पॅरिसहून एक लांकडी पेटी येते. तींत एमिल गान्यां या एंजिनियरच्या साह्यानें बनविलेलें श्वसनयंत्र असतें. कुस्तो तें बांधून पाण्यांत उतरतो. वर पृष्ठभागावर त्याची पत्नी सिमोन तोंड पाण्यांत घालून त्याच्यावर नजर ठेवीत तरंगते, आणि कांठावर द्युमा, गरज पडल्यास उडी घेण्याच्या तयारींत, बसून राहतो. आजच्या क्लबाचा जोडीचा नियम या प्रसंगांत अगोदरच आलेला आहे. पाण्याखालीं मनुष्य मोकळा झाला, असें या ग्रंथाबद्दल सर्वत्र म्हटलें जातें. परंतु तो मोकळा झाला तो दोघेजण त्याच्याकरितां खोळंबून राहिल्यामुळें, ही गोष्ट त्याच प्रसंगांत लिहिलेली आहे.

ग्रंथ निर्दोष आहे असें आमचें म्हणणें नाहीं. त्याचें नांवच चुकीचें आहे. पाण्याखालचें जग नीरव नाहीं. हवेंत ध्वनि एका सेकंदांत सुमारें ३४० मीटर जातो, पाण्यांत सुमारें दीड हजार. आणि त्यामुळें आवाज कोणत्या बाजूनें आला हें कानांस कळत नाहीं. झिंग्यांची चटचट, होडीच्या यंत्राची घरघर, स्वतःच्या श्वासाची फुसफुस, हें सर्व तेथें ऐकूं येतें. दुसरा दोष गंभीर आहे. याच नांवाचा जो चित्रपट कुस्तो आणि लुई माल यांनीं काढला, ज्यास १९५६ सालीं कान येथील सर्वोच्च पारितोषिक मिळालें, त्यांत मासे मोजण्यासाठीं प्रवाळखडकावर सुरुंग उडविलेला दिसतो. एक देवमाशाचें पोर त्यांच्याच जहाजाच्या पंख्यानें घायाळ होतें. त्याच्या रक्ताच्या वासानें शार्क जमतात, तेव्हां खलाशी त्या शार्कांना वर ओढून कुऱ्हाडींनीं तोडतात. आज तें दृश्य पाहवत नाहीं. परंतु तें लपविलेलें नाहीं, हेंही म्हटलें पाहिजे. जें केलें तें दाखविलें, म्हणून पुढच्या पिढीस त्याचा न्याय करतां आला.

ग्रंथाचें बळ मात्र दुसरीकडे आहे. द्युमानें खोल पाण्यांत एका मोठ्या माशास भाला मारला, तों जखमेंतून हिरवें रक्त वाहूं लागलें. वर येतां येतां तें बदलत गेलें आणि पृष्ठभागावर लाल झालें. पाणी तांबडा प्रकाश प्रथम गिळतें, हा पदार्थविज्ञानाचा नियम कोणत्याही पाठ्यपुस्तकांत सांपडेल. परंतु हिरवें रक्त वाचून वाचक जो दचकतो, तो त्या नियमानें नव्हे. ज्यानें डोळ्यांनीं पाहिलें त्यानेंच तें लिहावें.

त्याहून मोठा प्रसंग मोरीस फार्ग याचा. १९४७ सालीं तुलाँजवळ साध्या हवेवर मनुष्य किती खोल जाऊं शकतो याचा प्रयोग चालला होता. एक दोर खोल सोडलेला, त्यावर ठराविक अंतरांनीं पाट्या बांधलेल्या. उतरणारानें जेथवर पोंचेल तेथील पाटीवर सही करून यावयाचें. फार्ग उतरला. कांहीं वेळ त्याचे दोराचे इशारे येत राहिले, मग थांबले. त्यास वर ओढलें तेव्हां तो बेशुद्ध होता आणि श्वासाची नळी तोंडांतून सुटून छातीवर लोंबत होती. बारा तास त्याच्या सोबत्यांनीं प्रयत्न केले. ते व्यर्थ गेले. नंतर दोर वर घेतला, तों १२० मीटरांवरील पाटीवर त्याची सही होती.

या प्रसंगांत आंकडा आहे, सहलवृत्तांतांतल्यासारखाच कोरडा. परंतु त्या आंकड्याजवळ एका माणसाचें नांव आहे, आणि त्या नांवाची किंमत वाचकापासून लपविलेली नाहीं. आंकडा आणि माणूस यांची ही गांठ सहलवृत्तांतांत सुटली आहे, असें आम्हांस वाटतें. आणि हें दाखविण्यासाठीं आतां पुन्हां माल्टाकडे वळतों.

माल्टाच्या दक्षिण किनाऱ्यावर झुरिएक नांवाच्या घळीसमोर 'उम एल फरूद' हें जहाज समुद्राच्या तळाशीं आहे. लांबी सुमारें ११० मीटर; तळ सुमारें ३६ मीटरांवर. भूमध्य समुद्रांत जहाज पाहावयास जाणाऱ्या बहुतेक क्लबांच्या यादींत तें असतें, आणि आम्हीं वाचलेल्या वृत्तांतांत तर तेंच सहलीचें शिखर आहे. निळ्या पाण्यांतून प्रथम त्याची प्रचंड पाठ दिसूं लागते, मग सुकाणूघर, मग दोन तुकड्यांमधली फट. यंत्रशाळेच्या जिन्यांतून वरून येणारा उजेड. डेकावर बराकुडांचा थवा. हीं वर्णनें या लेखकांच्या हातचीं सर्वांत चांगलीं वर्णनें आहेत, हें आम्ही कबूल करतों.

हें जहाज तेथें आलें कसें? तें लिबियाच्या मालकीचें तेलवाहू जहाज होतें आणि दुरुस्तीसाठीं माल्टाच्या गोदींत आलें होतें. १९९५ सालीं फेब्रुवारी महिन्यांत त्यावर स्फोट झाला आणि गोदींतले नऊ कामगार मेले. जहाज निकामी झालें. कांहीं वर्षें तें तसेंच पडून होतें. १९९८ सालीं सप्टेंबर महिन्यांत पाणबुड्यांच्या व माशांच्या उपयोगासाठीं तें मुद्दाम बुडविण्यांत आलें. पुढें वादळानें त्याचे दोन तुकडे झाले.

ही हकीकत वृत्तांतकार कशी सांगतात, इकडे आम्ही वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों. कित्येक ती सांगतच नाहींत. जे सांगतात ते जहाजाचें वजन, बांधणीचें साल, लांबी, बुडविल्याची तारीख यांच्या रांगेंत नऊ हा आंकडा उभा करतात आणि पुढच्याच वाक्यांत बराकुडांकडे वळतात. ज्या लेखकास आपल्या टांकींत किती हवा उरली होती हें शेवटच्या अंशापर्यंत आठवतें, जो जोडीदाराचा पट्टा स्वतःच्या हातानें तपासतो, तोच ज्या जिन्यांतून पोहत जातो त्या जहाजावर नऊ माणसें कामाच्या पाळींत मेलीं, हें लांबी-रुंदीप्रमाणें लिहून जातो. आमचा आक्षेप एवढाच; पण तो लहान नाहीं.

यावर असें उत्तर येईल कीं, सहलीची हकीकत ही सहलीची हकीकत. तींत शोक कशाला? आठवडाभराची रजा, वर्षभर सांठविलेले पैसे, तेथेंही मृत्यूचें स्मरण करीत बसावें काय? हें म्हणणें रास्त आहे, आणि आम्ही शोक मागतही नाहीं. त्या जहाजाजवळ जाऊं नये, असेंही आम्ही म्हणत नाहीं. समुद्राच्या तळाशीं पडलेल्या लोखंडावर शेवाळ धरलें, माशांनीं घर केलें, त्या निमित्तानें बेटावरील कांहीं कुटुंबांस मीठभाकरी मिळाली, तर त्यांत वाईट कांहींच नाहीं. आम्ही मागतों तें इतकेंच कीं, नऊ हा आंकडा खोलीच्या आंकड्याइतक्याच काळजीनें लिहावा. तो जहाजाचा गुणधर्म नव्हे. तीं माणसें याच बेटावरचीं, गोदींत मजुरी करणारीं. आणि सकाळीं ज्या दुकानांत टांक्या भरून घेतल्या, तेथें टांकी उचलून देणारा तरुण त्यांच्यापैकीं कोणाचा पुतण्या किंवा शेजारी नसेल, असें कोण सांगेल? छोट्या बेटावर अशीं नातीं फार दूर नसतात. परंतु या वृत्तांतांत बेटावरचा मनुष्य बोलतच नाहीं. तो गाडी चालवितो, टांकी भरतो, मासळीचें ताट आणून ठेवतो, आणि निघून जातो. आपसांतल्या माणसांत नायक आणि हमाल असा भेद ज्यांनीं मोडला, त्यांनीं तो बेटवासियांच्या बाबतींत जसाच्या तसा ठेवला आहे.

हा निर्दयपणा आहे काय? तसें आम्हांस वाटत नाहीं. आणि असें न वाटण्यास कारण गोझोवरील एक दुसरें स्थळ आहे. गोझोच्या पश्चिम किनाऱ्यावर द्वेय्रा येथें चुनखडीची एक मोठी नैसर्गिक कमान समुद्रांत उभी होती. तिला 'ॲझुर विंडो', म्हणजे निळी खिडकी, असें म्हणत. तिच्या पायथ्याशींच खडकांत विहिरीसारखा एक डोह आहे. त्यांत उतरून खालच्या दारांतून पाणबुडे उघड्या समुद्रांत जातात. ८ मार्च २०१७ रोजीं वादळांत ती कमान कोसळली. कोणास इजा झाली नाहीं. परंतु त्यानंतरच्या वृत्तांतांत तिच्याकरितां जो गहिवर आहे तो खरा आहे. पूर्वीं तिच्या सावलींत कपडे बदलले, तिच्या पायांशीं पहिली बुडी घेतली, आतां तेथें आकाश मोकळें आहे, पाण्याखालीं तिचे पांढरे तुकडे पडले आहेत, असें लिहितांना एरव्हीं कोरडी असणारी लेखणी ओली होते. दगडासाठीं गहिवरणारा मनुष्य माणसासाठीं गहिवरणार नाहीं, असें कसें म्हणावें? फरक एवढाच कीं, कमान त्यांनीं पाहिली होती. ते नऊ कामगार पाहिले नव्हते.

वृत्तांतवाङ्मयाची मर्यादा येथें दिसते. जें डोळ्यांपुढें आलें तें तें प्रामाणिकपणें लिहितें, आणि जें आलें नाहीं तें त्याच्या दृष्टीनें घडलेलेंच नसतें. कुस्तोला फार्गची सही लिहितां आली, कारण फार्ग त्याचा सोबती होता. सोबत्याबद्दल लिहिणें सोपें नसलें तरी स्वाभाविक आहे. ज्याचा आपला परिचय नाहीं, त्याच्याविषयीं एक वाक्य नीट लिहावयाचें तर चौकशी करावी लागते. कोणाला तरी विचारावें लागतें, आणि कदाचित् त्या दिवशींची एक बुडी कमी करावी लागते. लेखकाचें काम तेथून सुरू होतें. त्यापूर्वींचें सर्व काम नोंदवहीचें आहे.

परक्या बेटावरील परक्या मंडळींच्या लिखाणाचा हा खल मराठी वाचकांपुढें कां, याचें उत्तर देऊन हा लेख पुरा करतों. मालवण-तारकर्लीच्या समुद्रांत टांकी बांधून उतरणारीं माणसें आतां पुष्कळ आहेत. पुण्या-मुंबईचीं कुटुंबेंच्या कुटुंबें सुटींत तेथें जातात. २०२४ सालीं भारतीय नौदलाच्या सेवेंतून निवृत्त झालेलें 'गुलदार' हें जहाज सिंधुदुर्गाच्या समुद्रांत बुडवून पाण्याखालील संग्रहालय करण्याची योजना महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळानें हातीं घेतली. म्हणजे माल्टाच्या किनाऱ्यावर जो प्रश्न उभा राहिला, तोच थोड्या निराळ्या रूपानें आमच्याही किनाऱ्यावर येत आहे. 'गुलदार' हें कांहीं अपघाताचें जहाज नव्हे. परंतु त्यावर जवळजवळ चाळीस वर्षें माणसांनीं नोकरी केली आहे, आणि ज्या पाण्याकरितां तें योजिलें आहे त्या पाण्यावर मासेमारी करणाऱ्यांचे संसार आहेत. त्या जहाजाविषयीं मराठींत वृत्तांत लिहिले जातील, यांत आम्हांस शंका नाहीं. आणि जे लिहितील ते आमच्या वाचकांचींच मुलेंबाळें असतील.

त्यांनीं काय करावें? खोली लिहावी, वेळ लिहावी, जोडीदाराचें नांव लिहावें. युरोपांतील क्लबांपासून हा प्रामाणिकपणा अवश्य घ्यावा. कपारींतली वाम आणि यंत्रशाळेंतला उजेड यांचेंही वर्णन करावें; त्यावांचून सहलीस जाण्यांत अर्थ काय! परंतु कांठावर परत आल्यावर, केस पुसून होण्यापूर्वीं, होडी हांकणाऱ्या मालवणी मनुष्याजवळ जरा बसावें. पूर्वीं येथें जाळें कोठें टाकीत असत, आतां कोठें टाकतात, या जहाजावर नोकरी केलेला कोणी गांवांत आहे काय, हें त्याला विचारावें. तो जें सांगेल तें खोलीच्या आंकड्याखालीं एका ओळींत लिहून ठेवावें. ती ओळ ज्या वृत्तांतांत असेल, तो आम्ही आनंदानें पुन्हां वाचूं.